सामना पाहू या, सारे मिळून

(क्रिकेटचा सामना घरी दूरदर्शनवर पाहायचा म्हणजे पाहुणे आले आणि खाऊही आला. हा खाऊ कमी खर्चात आणि कमी दगदगीत कसा करावा, तो करणाऱ्यालाही सामना कसा पाहता यावा, हे या पाठात सांगितले आहे. पाठ वाचताना पदार्थांची कृती सांगणारी वाक्ये कशी असतात, तिकडे विशेष लक्ष द्या.)



रविवार आहे. दुपारी दोन वाजता भारताचा एकदिवसीय सामना सुरू होणार आहे. तुमच्या घरी मामू येणार आहेत, खाला येणार आहेत, शेजारची मुले येणार आहेत. खोलीतली खुर्च्या-टेबले बाजूला सरकवून खाली सतरंजी अंथरली आहे. नाणेफेक झाली. सगळ्यांचे डोळे पडद्यावर लागले आहेत. असा दिवस कोणाला आवडणार नाही?

आता जरा मागे वळून स्वयंपाकघराकडे पाहा. तिथे कोण आहे? अम्मी आहे. कदाचित आपाही आहे. कढईत तेल तापले आहे. बाहेरून आवाज येतो, "अम्मी, भजी!" थोड्या वेळाने पुन्हा आवाज येतो, "आपा, चहा!" इतक्यात बाहेर एकच गलका होतो. अम्मी हातात झारा घेऊन दाराशी येते आणि विचारते, "काय झाले रे?" कोणीतरी मागे न पाहताच सांगते, "षटकार!" तोपर्यंत पडद्यावर पुढचा चेंडू टाकलेला असतो आणि कढईतली भजी करपू लागलेली असतात.

सामना घरातल्या सगळ्यांचा, पण पाहतात काहीजणच! असे का होते? अम्मीला आणि आपाला क्रिकेट आवडत नाही म्हणून? मुळीच नाही. आपण खाण्याचे पदार्थ विचार न करता निवडतो, आणि काम वाटून घेत नाही, म्हणून असे होते.

थोडा हिशोब करू

गणित तुम्हाला येते. चला, भज्यांचा हिशोब करू. घरात दहा माणसे आहेत. प्रत्येकाला सहा भजी द्यायची तर एकूण साठ भजी हवीत. घरच्या कढईत एका वेळी साधारण दहा भजी तळता येतात. म्हणजे सहा घाणे झाले. एका घाण्याला चार-पाच मिनिटे लागतात. म्हणजे पंचवीस ते तीस मिनिटे कढईसमोर उभे राहावे लागते.

आता सामन्याचा हिशोब पाहा. एकदिवसीय सामन्यात एका डावात 50 षटके असतात आणि त्यांना सुमारे साडेतीन तास दिले जातात. म्हणजे एका षटकाला चार मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. याचा अर्थ असा, की भज्यांचा एक घाणा म्हणजे एक षटक! साठ भजी तळणारा माणूस सहा-सात षटकांना मुकतो. शिवाय भजी गार झाली की मऊ पडतात. मग तासाभराने पुन्हा तळण सुरू होते.

भजी वाईट नाहीत. पावसाळ्यात कांदाभजी कोणाला नको असतात? पण ती खाणाऱ्याच्या सवडीची असतात, करणाऱ्याच्या सवडीची नसतात. म्हणून सामन्याच्या दिवशी पदार्थ निवडताना तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : हा पदार्थ सामना सुरू होण्यापूर्वी करून ठेवता येईल का?

दुसरा प्रश्न : पावसामुळे सामना उशिरा सुरू झाला, तरी हा पदार्थ चांगला राहील का?

तिसरा प्रश्न : हा पदार्थ पडद्यावरची नजर न हलवता खाता येईल का?

तिन्ही प्रश्नांची उत्तरे "होय" असतील, तर तो पदार्थ उत्तम. दोन उत्तरे "होय" असतील, तरी चालेल. असे चार पदार्थ आपण पाहू. प्रमाण दहा माणसांचे आहे.

1. कुरमुऱ्यांचा चिवडा

मुंबईत ज्यांना कुरमुरे म्हणतात, त्यांनाच पुण्या-कोल्हापूरकडे चुरमुरे म्हणतात आणि खानदेश-विदर्भात मुरमुरे म्हणतात. नाव कोणतेही असो, वाण्याकडे हा जिन्नस स्वस्त मिळतो. हा चिवडा आदल्या दिवशीच करून ठेवावा.

साहित्य : पाव किलो कुरमुरे, शंभर ग्रॅम शेंगदाणे, शंभर ग्रॅम पंढरपुरी डाळे, पाच हिरव्या मिरच्या, लसणाच्या दहा पाकळ्या, कढीपत्त्याची पंधरा-वीस पाने, चार मोठे चमचे तेल, एक छोटा चमचा मोहरी, अर्धा चमचा हळद, चिमूटभर हिंग, चवीपुरते मीठ आणि एक चमचा पिठीसाखर.

कृती : प्रथम कुरमुरे चाळून घ्या. मोठ्या कढईत किंवा पातेल्यात ते मंद आचेवर कोरडेच परता. एक दाणा बोटांत धरून दाबा. तो चटकन मोडला, म्हणजे कुरमुरे कुरकुरीत झाले. ते परातीत काढून ठेवा. आता त्याच कढईत तेल तापवा. त्यात शेंगदाणे तळून बाजूला काढा. उरलेल्या तेलात मोहरी टाका. ती तडतडली की हिंग, मिरचीचे तुकडे आणि लसणाचे काप घाला. मिरची आणि लसूण चांगले कोरडे व कडक होऊ द्या. त्यांच्यात ओलावा राहिला, तर सगळा चिवडा मऊ पडतो. मग कढीपत्ता आणि डाळे घालून परता. गॅस बंद करा आणि मगच हळद घाला, कारण हळद लवकर करपते. शेवटी कुरमुरे, शेंगदाणे, मीठ आणि पिठीसाखर घालून खालीवर हलवा.

चिवडा पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम चिवड्यावर झाकण लावले, तर वाफेचे पाणी होते आणि कुरमुरे सादळतात. नीट झाकलेला चिवडा आठ-दहा दिवस टिकतो. सामना पावसाने दुसऱ्या दिवशी गेला, तरी काळजी नाही!

2. काबुली चण्यांची चाट

नुसता चिवडा खाऊन पोट भरत नाही. चणे मात्र पोटभरीचे असतात आणि त्यांत प्रथिनेही भरपूर असतात.

साहित्य : अर्धा किलो काबुली चणे, तीन उकडलेले बटाटे, तीन कांदे, तीन टोमॅटो, दोन लिंबे, कोथिंबीर, दोन चमचे भाजलेल्या जिऱ्याची पूड, चाट मसाला, लाल तिखट आणि मीठ.

कृती : चणे निवडून, धुऊन, रात्री भरपूर पाण्यात भिजत घाला. भिजल्यावर ते फुगून सुमारे दुप्पट होतात, म्हणून भांडे मोठे घ्या. उन्हाळ्याचे दिवस असतील तर भांडे फ्रिजमध्ये ठेवा; नाहीतर पाण्याला फेस येतो आणि चणे आंबतात. सकाळी ते पाणी फेकून द्या. नवे पाणी आणि मीठ घालून चणे कुकरमध्ये पाच-सहा शिट्ट्या होईपर्यंत शिजवा. चणा बोटांनी दाबल्यावर सहज मोडला पाहिजे, पण त्याचा लगदा होता कामा नये. शिजलेले चणे चाळणीत निथळून घ्या. गार झाले की बटाट्याच्या फोडी त्यांत मिसळा आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवा.

कांदा आणि टोमॅटो मात्र आधी मिसळू नका. मीठ लागले की दोन्हींना पाणी सुटते आणि चाट पातळ होते. ते खाण्याच्या थोडे आधी चिरा. मसाला, लिंबाचा रस आणि कोथिंबीर घालून एकदा हलवा, की चाट तयार! हे काम दोन षटकांत होते.

3. बटाट्याच्या टिक्क्या आणि पाव

एकदिवसीय सामन्यात दोन डावांच्या मध्ये साधारण पाऊण तास मध्यंतर असते. वीस षटकांच्या सामन्यात ते वीस मिनिटांचेच असते. काही गरम खायचे असेल, तर ते या वेळेत करावे. त्या वेळी पडद्यावर खेळ नसतो, म्हणून कोणाचेच काही चुकत नाही.

साहित्य : एक किलो बटाटे, चार मोठे चमचे तांदळाचे पीठ, आले-लसूण आणि हिरव्या मिरचीचे वाटण, कोथिंबीर, मीठ, भाजण्यापुरते तेल आणि वीस पाव.

कृती : बटाटे सकाळीच उकडून, सोलून पूर्ण गार होऊ द्या. गरम बटाटा चिकट असतो. त्याच्या टिक्क्या तव्याला चिकटतात आणि मोडतात. गार बटाटे कुस्करून त्यांत पीठ, वाटण, कोथिंबीर आणि मीठ घाला. वीस सारखे गोळे करा आणि तळहाताने चपटे करा. या टिक्क्या ताटात मांडून, झाकून फ्रिजमध्ये ठेवा. मध्यंतर झाले की तवा तापवा, थोडे तेल सोडा आणि दोन्ही बाजूंनी लालसर भाजा. मोठ्या तव्यावर एका वेळी सात-आठ टिक्क्या मावतात. दुसरा माणूस तोपर्यंत पाव कापून त्यांना हिरवी चटणी लावील, तर वीस मिनिटांत सगळ्यांच्या हातात टिक्की-पाव पडेल.

चटणीसाठी कोथिंबिरीची एक जुडी, मूठभर पुदिना, चार मिरच्या, लसणाच्या पाच पाकळ्या, जिरे, मीठ आणि एका लिंबाचा रस पुरे. वाटताना अगदी थोडे, पण थंड पाणी घाला. रंग हिरवागार राहतो.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी शामी कबाब होतात. त्यांचीही युक्ती हीच आहे. खिमा आणि चण्याची डाळ शिजवणे, वाटणे आणि कबाब थापणे ही सगळी मेहनत आदल्या दिवशी होते. ऐन वेळी फक्त भाजायचे उरते. आपल्या दादी-नानींना ही युक्ती फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मात्र पाहुण्यांपैकी कोणी मांस खात नसेल, तर हे आधीच विचारून घ्यावे. त्याच्यासाठी टिक्की वेगळ्या तव्यावर भाजावी आणि उलथणेही वेगळे वापरावे. पाहुण्याला विचारावे लागू नये, असा पाहुणचार सर्वांत चांगला.

4. लिंबाचे सरबत

साहित्य : पाच-सहा रसदार लिंबे, पाव किलो साखर, दोन लिटर पिण्याचे थंड पाणी, पाऊण चमचा मीठ आणि दोन चमचे सब्जा. सब्ज्याला काही घरांत तुखमलंगा म्हणतात.

कृती : सब्जा एका वाटीत पाणी घालून वीस मिनिटे भिजवा. तो फुगून मऊ होतो. साखर पाण्यात पूर्ण विरघळू द्या. नंतर लिंबाचा रस, मीठ आणि सब्जा घाला. सरबत माठात किंवा झाकणाच्या पातेल्यात भरून पेल्यांसह खोलीतच ठेवा. ज्याला तहान लागेल, तो उठेल आणि स्वतः घेईल. आता "आपा, पाणी!" अशी हाक मारावी लागणार नाही.

कामाची वाटणी

पदार्थ सोपे निवडले, तरी काम आपोआप होत नाही. एकाच माणसाने ते सगळे केले, तर तो दमणारच. म्हणून आदल्या दिवशी एका कागदावर कामांची यादी करा आणि प्रत्येक कामासमोर एक नाव लिहा. ती यादी अशी असू शकेल :

आदल्या दिवशी दुपारी : बाजारातून सामान आणणे. चिवडा करणे.
आदल्या दिवशी रात्री : चणे निवडून भिजत घालणे.
सकाळी : चणे व बटाटे शिजवणे. चटणी वाटणे. टिक्क्या थापणे.
सामन्यापूर्वी एक तास : सरबत करणे. ताटल्या, पेले व चमचे धुऊन, पुसून मांडणे.
पहिल्या डावात : चिवडा आणि सरबत. पंधराव्या-विसाव्या षटकाच्या सुमारास चाट.
मध्यंतरात : टिक्की-पाव.
सामन्यानंतर : ताटल्या गोळा करणे, भांडी घासणे, खोली झाडणे.

यादीतल्या शेवटच्या ओळीकडे पुन्हा एकदा पाहा. खायला सगळे असतात, पण भांडी घासायच्या वेळी खोली रिकामी होते! म्हणून त्या कामासमोर आधीच दोन नावे लिहून ठेवा.

मुलग्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. बटाटे सोलणे, कांदा चिरणे, ताटल्या धुणे ही "मुलींची कामे" नाहीत. ज्याला भूक लागते, त्याची ती कामे आहेत. मोठमोठ्या दावतींचे स्वयंपाक कोण करते? पुष्कळदा पुरुषच करतात! लग्नातली बिर्याणी रांधणाऱ्या भटारी चाचांना कोणी हसत नाही. मग आपल्याच घरी कांदा चिरायला लाज कसली?

आणि मुलींनो, तुम्हालाही एक सांगायचे आहे. "मला काय कळते क्रिकेटमधले?" असे म्हणून आत जाऊन बसू नका. सतरंजीवर तुमचीही जागा आहे.

सावधपणा आणि स्वच्छता

घाईत अपघात होतात. म्हणून काही गोष्टी डोळ्यांत तेल घालून सांभाळा. कुकरमधली वाफ पूर्ण गेल्याशिवाय झाकण उघडू नका. तव्याची आणि कढईची दांडी बाहेरच्या बाजूला येऊ देऊ नका. येता-जाता धक्का लागतो. ओढणीचा पदर किंवा सैल बाही ज्योतीजवळ नेऊ नका. तापलेल्या तेलात पाणी पडू देऊ नका. गॅसजवळचे काम करताना मोठे माणूस जवळ असावे. षटकार पाहायला धावायचे असेल, तर आधी गॅस बंद करा!

हात साबणाने धुऊनच पदार्थांना लावा. बर्फ घालायचा असेल, तर तो पिण्याच्या स्वच्छ पाण्याचा असावा. शिजवलेले चणे आणि बटाटे उकाड्यात दोन तासांपेक्षा जास्त वेळ उघडे ठेवू नका, ते नासतात. म्हणून चाट एकदम सगळी न कालवता लागेल तेवढीच कालवावी. उरलेले चणे फ्रिजमध्ये चांगले राहतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांची भाजी होते. अन्न वाया घालवणे हा यजमानपणा नव्हे.

ताटल्या घरातल्या स्टीलच्याच वापरा. थर्माकोलच्या ताटल्या आणि पेल्यांवर महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे. आणि आनंद झाला तरी शेजाऱ्यांचे भान ठेवा. शेजारी कोणी आजारी असेल, कोणाची परीक्षा असेल, तर टाळ्या जरा हळू वाजवा.

एका रात्रीची आठवण

2 नोव्हेंबर 2025 हा दिवस लक्षात ठेवा. त्या दिवशी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिलांच्या एकदिवसीय विश्वचषकाचा अंतिम सामना होता. भारतासमोर दक्षिण आफ्रिकेचा संघ होता. पावसामुळे सामना दोन तास उशिरा सुरू झाला. भारताने 50 षटकांत 7 गडी गमावून 298 धावा केल्या. शफाली वर्माने 87 धावा काढल्या. मग दीप्ती शर्माने पाच बळी घेतले. दक्षिण आफ्रिकेचा डाव 246 धावांत आटोपला आणि भारताने 52 धावांनी विजय मिळवला. हरमनप्रीत कौर या संघाची कर्णधार होती. भारतीय महिला संघाने विश्वचषक पहिल्यांदाच जिंकला, तोही आपल्या महाराष्ट्रात! या संघात सांगलीची स्मृती मानधना होती. मुंबईची जेमिमा रॉड्रिग्जही होती. तिने तीन दिवस आधी याच मैदानावर उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 धावा केल्या होत्या.

आता विचार करा. मैदानावर मुली विश्वचषक जिंकत होत्या. त्या वेळी किती घरांतल्या मुली आणि बायका स्वयंपाकघरात चहाचे आधण ठेवत असतील? त्यांच्या कानांवर फक्त टाळ्यांचा आवाज आला असेल. खरे पाहता हा सामना त्यांनी सर्वांत पुढे बसून पाहायला हवा होता.

मैदानावरच्या खेळातून आपण एक गोष्ट शिकू शकतो. अकरा खेळाडूंपैकी एकानेच सगळे क्षेत्ररक्षण करायचे आणि बाकीच्यांनी उभे राहून पाहायचे, असे कधी होते का? नाही. प्रत्येकजण आपली जागा सांभाळतो, म्हणून संघ उभा राहतो. घर हासुद्धा एक संघच आहे.

तेव्हा पुढच्या सामन्याच्या आदल्या दिवशी अम्मीकडे जा आणि तिला विचारा, "अम्मी, उद्याचे माझे काम कोणते?" आणि नाणेफेक होण्यापूर्वी तिचा हात धरून तिला बाहेर आणा. सतरंजीवर सगळ्यांत चांगली जागा तिला द्या. सामना कोण जिंकेल, हे आपल्या हातात नाही. पण तो घरातल्या सगळ्यांनी पाहावा, हे नक्कीच आपल्या हातात आहे.

शब्दार्थ

दगदग – धावपळ, थकवणारे काम
सामना – दोन संघांमधला खेळ, मुकाबला
नाणेफेक – नाणे उडवून कौल घेणे, टॉस
षटक – सहा चेंडूंचा गट, ओव्हर
डाव – फलंदाजीची पाळी, पारी
मध्यंतर – मधली विश्रांती, वक्फा
घाणा – एका वेळी कढईत तळले जाणारे पदार्थ
मुकणे – न मिळणे, महरूम राहणे
सवड – मोकळा वेळ, फुरसत
जिन्नस – वस्तू, चीज
मंद आच – धीमी आँच
सादळणे – ओलाव्याने मऊ पडणे
निथळणे – पदार्थातले पाणी गळू देणे
पाहुणचार – पाहुण्यांचा आदरसत्कार, मेहमाननवाजी
यजमान – पाहुण्यांना बोलावणारा, मेजबान
रांधणे – शिजवणे, पकवणे

वाक्प्रचार

डोळ्यांत तेल घालून सांभाळणे – अतिशय काळजीपूर्वक लक्ष ठेवणे
एकच गलका होणे – सगळ्यांनी एकदम आरडाओरडा करणे
भान ठेवणे – जाणीव ठेवणे, खयाल ठेवणे

स्वाध्याय

प्र. 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) चिवडा केव्हा करून ठेवावा?
(आ) कुरमुऱ्यांना खानदेशात काय म्हणतात?
(इ) टिक्क्या भाजण्याचे काम कोणत्या वेळी करावे?
(ई) महिलांच्या 2025 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना कोठे झाला?

प्र. 2. कारणे सांगा.
(अ) गरम चिवडा डब्यात भरू नये.
(आ) चाटमध्ये कांदा व टोमॅटो आधी मिसळू नयेत.
(इ) टिक्क्यांसाठी बटाटे गार होऊ द्यावेत.
(ई) सरबताचे भांडे पेल्यांसह खोलीतच ठेवावे.

प्र. 3. चार-पाच ओळींत उत्तरे लिहा.
(अ) सामन्याच्या दिवशी पदार्थ निवडताना कोणते तीन प्रश्न विचारावेत?
(आ) "घर हासुद्धा एक संघच आहे," असे लेखकाने का म्हटले आहे?
(इ) भज्यांच्या हिशोबावरून तुम्हाला काय समजले?

प्र. 4. भाषाभ्यास
(अ) "चणे भिजत घाला", "बटाटे सोला", "गॅस बंद करा" या वाक्यांत आज्ञा किंवा सूचना दिली आहे. ही आज्ञार्थी वाक्ये आहेत. पाठातून अशी आणखी पाच वाक्ये शोधून लिहा.
(आ) हिशोब, सरबत, मैदान, मेहनत, खर्च हे शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. ते उर्दूत कसे लिहितात व उच्चारतात, ते सांगा. उच्चारात कोठे फरक पडतो?
(इ) काही शब्द दोन्ही भाषांत आहेत, पण त्यांचे अर्थ वेगळे आहेत. उर्दूत "खाली" म्हणजे रिकामे. मराठीत "खाली" म्हणजे नीचे. उर्दूत "शिकस्त" म्हणजे पराभव. मराठीत "प्रयत्नांची शिकस्त करणे" म्हणजे शक्य तेवढे सगळे प्रयत्न करणे. हे दोन्ही मराठी शब्द वापरून एकेक वाक्य तयार करा.

उपक्रम
तुमच्या घरी होणारा, आधी करून ठेवता येणारा एखादा पदार्थ निवडा. घरातल्या मोठ्या माणसांना विचारून त्याचे साहित्य आणि कृती मराठीत लिहा. तो पदार्थ करताना तुम्ही स्वतः कोणते काम केले, तेही लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.